गाठ जरा वर सरकवा

कर्करोगाच्या संशोधनाला सढळ हातानं मदत करणाऱ्या त्या प्रतिष्ठानाची अट एकच होती: रोग कितीही गंभीर असला तरी चालेल, पण तो चारचौघांत सांगण्यासारखा असावा. ही अट कुठंही लिहिलेली नव्हती. त्यामुळे ती कुणाला मोडताही येत नसे.

ताईंना ती ठाऊक नव्हती. प्रयोगशाळेत लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांचं संशोधन अशा जागेच्या कर्करोगावर होतं, जिच्यावर माणूस आयुष्यभर बसतो आणि जिच्याबद्दल आयुष्यभर बोलत नाही. त्यांनी एक साधी चाचणी शोधून काढली होती. प्रातर्विधीच्या वेळी चिमूटभर नमुना डबीत घ्यायचा आणि डबी प्रयोगशाळेत आणून द्यायची. गाठ वाटाण्याएवढी असतानाच हाती लागायची.

या चाचणीमागं ताईंची आत्या होती. तिनं सबंध वर्ष खुर्चीत एका अंगावर रेलून काढलं. कुणी विचारलं तर म्हणायची, पाठ धरलीय. खरं काय ते कळलं तेव्हा वेळ निघून गेली होती. त्या पाठीवरचा ताईंचा राग अजून गेलेला नव्हता. आता प्रयोगशाळेचा निधी संपत आला होता आणि प्रतिष्ठानानं हात दिला नाही तर सगळा गाशा गुंडाळावा लागणार होता.

प्रतिष्ठानाचे कार्यक्रम अधिकारी मोठे अगत्यशील गृहस्थ. त्यांनी कॉफी मागवली, प्रकृतीची चौकशी केली आणि मग कर्करोग कशाचा, असं विचारलं. ताईंनी त्या जागेचं नाव सांगितलं. शुद्ध, शास्त्रीय, पाठ्यपुस्तकातलं. अधिकाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि उठून दार लावून घेतलं.

"काम उत्तमच आहे हो तुमचं," ते आवाज उतरवून म्हणाले. "पण आमच्या पत्रिका घरोघरी जातात. जरा वर सरकवता येईल का?"

"गाठ?"

"छे छे. गाठ राहू द्या तिथंच. नुसतं नाव."

काम होण्याशी मतलब, असं म्हणून ताईंनी 'मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग' असा बदल केला. प्रस्ताव परत आला. 'शेवटचा' या शब्दानं देणगीदारांचा उत्साह मावळतो, असा शेरा होता. ताईंनी तो शब्द काढला. मग प्रसिद्धी समितीनं आतड्याचं चित्र करवून घेतलं, तर एका सदस्याला ते पाहून घरचं तुंबलेलं बेसिन आठवलं. पोट चाललं असतं, पण भुकेल्यांसाठी झटणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेनं ते आधीच घेऊन ठेवलेलं. यकृत म्हटलं की लोकांना दारूच आठवते. असं एकेक मजला चढत प्रकरण छातीपर्यंत आलं आणि तिथं मात्र समितीचं एकमत झालं. हृदयाला तोड नव्हती.

"अहो, पण हृदयाला कर्करोग जवळजवळ होतच नाही," ताई म्हणाल्या.

"मग तर फारच छान," अधिकारी म्हणाले. "यशाचं प्रमाण आपोआप वाढेल."

सही करताना ताईंच्या डोळ्यांपुढं आत्या आली. पण नाव कुणाचंही असो, डबी तर आपलीच आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

प्रतिष्ठानाच्या तपासणी शिबिराला तोबा गर्दी झाली. डब्या गुलाबी होत्या आणि प्रत्येकीवर सोनेरी हृदय होतं. डबीत काय घालायचं हे सांगणारा मजकूर 'मंजूर विषयाशी विसंगत' म्हणून वगळला होता. पत्रकात 'आपल्या आतलं थोडंसं आम्हाला द्या' एवढंच उरलं होतं. कुणी खुलासा विचारला तर स्वयंसेविका शिकवल्याप्रमाणे छातीवर हात ठेवून गोड हसत. ताई स्वतः सांगायला उभ्या राहिल्या, तेवढ्यात अधिकाऱ्यांनी त्यांच्या हातात पुष्पगुच्छ दिला आणि टाळ्या सुरू झाल्या.

डब्या परत आल्या. कुणी आत आभाराची चिठ्ठी घातली होती, कुणी सुटी नाणी, आणि एका आजोबांनी आजींचा तरुणपणीचा फोटो गोल कापून बसवला होता. ताईंनी नियमाप्रमाणे एकूण एक डबी तपासली. कशातही रोग निघाला नाही. तपासलेले शंभर टक्के नागरिक निरोगी आहेत, असा अहवाल प्रतिष्ठानानं प्रसिद्ध केला.

या यशाबद्दल ताईंचा सत्कार झाला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. शेजारी प्रतिष्ठानाचे अध्यक्ष बसले होते, खाली उशी घेऊन, एका अंगावर रेलून. भाषणं चालू असताना ते सारखे बाजू बदलत होते. बरं नाही का, असं ताईंनी हळूच विचारलं.

"पाठ धरलीय जरा," अध्यक्ष म्हणाले.

कार्यक्रम संपताच ताईंनी अध्यक्षांना जिन्याखाली गाठलं, एक गुलाबी डबी हातात ठेवली आणि तिच्यात काय घालायचं ते काही आडपडदा न ठेवता सांगितलं. अध्यक्षांनी मागंपुढं पाहिलं.

"माझ्या एका मित्राला असाच त्रास आहे," ते म्हणाले. "त्याचं हे कुणाला कळणार नाही ना?"

"नाही कळणार. डबीवर हृदय आहे."

मित्राची डबी दुसऱ्याच दिवशी आली. सगळ्या मोहिमेतली ती एकमेव खरी डबी. गाठ निघाली, पण लहान होती. ती वेळेत काढली गेली आणि अध्यक्षांचा मित्र, म्हणजे अध्यक्ष, ठणठणीत बरे झाले. ताई प्रयोगशाळेचं दार लावून पोटभर रडल्या. आत्याला हे मिळायला हवं होतं.

आता तरी खरं नाव छापू, म्हणून त्या अध्यक्षांना भेटायला गेल्या. अध्यक्ष खुर्चीत ताठ बसले होते. निधी त्यांनी आनंदानं वाढवून दिला. नावाचा विषय निघाला तसे मात्र ते टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"ताई, हृदयच राहू द्या," ते म्हणाले. "घरी मीही तेच सांगितलंय."

चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल की त्या जागेचं नाव या कथेतही कुठं आलेलं नाही. त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, उलट बरंच वाटलं. तेव्हा प्रतिष्ठानाला हसून झालं असेल तर एक विनंती आहे. आपण आत्ता खुर्चीत सरळ बसला आहात की एका अंगावर, तेवढं पाहून घ्यावं. आणि पाठ धरली असेल, तर ती खरंच पाठ आहे ना, हेही.