कलम नऊ आणि वीस किलो ओट्स

मंगळवारी चहाच्या वेळी नंदकिशोर शेवडे यांनी जाहीर केलं, की या घरात यापुढे कुणीही आजारी पडणार नाही. घोषणा करताना त्यांच्या एका हातात रक्ताचा रिपोर्ट होता आणि दुसऱ्या हातात खारी. रिपोर्टात साखरेच्या आकड्यापुढे एक बारीक बाण वर तोंड करून उभा होता. तो बाण पाहिल्यापासून खारघरमधली प्रत्येक अॅम्ब्युलन्स आपल्यालाच शोधत फिरते आहे, अशी त्यांची खात्री झाली होती.

"आधी ती खारी खाली ठेवा," त्यांची बायको मीना म्हणाली.

खारी खाली ठेवली गेली, पण बेत काही खाली बसेना. नंदकिशोरराव मुळात भित्रे. बँकेतून मेसेज आला तरी उघडण्याआधी दोन घोट पाणी पिणारे. आणि भित्र्या माणसाचं असं असतं, की तो बेत आखतो तेव्हा भलताच मोठा आखतो.

ऑफिसातल्या निशांतने रस्ता दाखवला. तुर्भ्याला म्हणे एक भलंमोठं घाऊक गोदाम होतं. ओट्स, जवस, नाचणी, अगदी परदेशी क्विनोआसुद्धा, साखरेला चालणारं म्हणाल ते धान्य तिथे मिळतं. फक्त आत जायला व्यापाऱ्याचं कार्ड लागतं. निशांतच्या बायकोचा जेवणाच्या ऑर्डरी घेण्याचा धंदा होता, त्यामुळे कार्ड होतं. कार्डावर नाव होतं, 'क्षितिज केटरर्स'. निशांतने ते खिशातून काढून असं सहज दिलं, जसं कुणी पेन द्यावं. नंदकिशोररावांनी मात्र ते असं घेतलं, जशी चोरीची अंगठीच हातात पडावी.

बुधवारी अर्धी रजा टाकून ते गोदामाच्या दारात उभे राहिले तेव्हा त्यांची सगळी उत्तरं पाठ होती. धंदा किती वर्षांचा? सात. शाकाहारी का मांसाहारी? दोन्ही. रखवालदाराने कार्डाकडे पाहिलंदेखील नाही. ट्रॉली डाव्या बाजूने न्या, एवढंच तो म्हणाला. पण छतापर्यंत रचलेल्या त्या पोत्यांच्या गल्लीत शिरल्यावर नंदकिशोररावांना घाम फुटला. वर कॅमेरे होते. त्यांच्या ट्रॉलीत अर्धा किलो जवस होता. आणि अर्धा किलो जवस घेणारा केटरर कुणी पाहिलाय?

त्यांनी तो अर्धा किलो परत ठेवला आणि पाच किलोची पिशवी उचलली. मग ओट्सचं वीस किलोचं पोतं. मग नाचणी दहा किलो, क्विनोआ पाच किलो. प्रत्येक पोत्यागणिक त्यांना जरा सुरक्षित वाटत होतं. काउंटरवरची मुलगी नुसती सवयीने म्हणाली, "बस एवढंच, सर?" ती आपल्याला ओळखून चुकली असं वाटून त्यांनी भोपळ्याच्या बियांची तीन किलोंची पिशवी वर ठेवली. एवढं सामान स्कूटरवर जाईना. मुलीने सांगितलं, उद्या टेम्पोने घरपोच येईल. तिने पत्ता लिहून घेतला आणि प्रत्येक नगावर क्षितिज केटरर्सचं हातभर लेबल चिकटवलं.

आता शेवड्यांच्या घराबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते घर शेवड्यांचं नव्हतं. ते होतं नामदेव घरत यांचं. बिल्डिंग उभी होती ती जमीन घरतांच्या वडिलांची शेती. तिच्या बदल्यात त्यांना सहा फ्लॅट मिळाले. पहिल्या मजल्यावर ते स्वतः राहायचे आणि चौथ्या मजल्यावर भाड्याने शेवडे. करार रिवाजाप्रमाणे अकरा महिन्यांचा. शेवड्यांच्या आधीच्या भाडेकरूंनी गुपचूप डबे करून द्यायचा धंदा मांडला होता. झुरळं खालच्या तीन मजल्यांपर्यंत पोचली. मग एका दुपारी त्यांचे पलंग, कपाट आणि तुळशीची कुंडी खाली पार्किंगमध्ये दिसली. नामदेवशेठनी आवाज चढवला नव्हता. ते आवाज कधीच चढवत नसत, आणि नंदकिशोररावांना त्याचीच जास्त भीती वाटायची.

तेव्हापासून करारात कलम नऊ आलं. सदर सदनिकेत कोणताही व्यवसाय केल्यास करार तत्काळ रद्द. सही करताना शेठनी ते बोट ठेवून तीनदा वाचून घेतलं होतं. या डिसेंबरात करार संपत होता आणि सोमवारी नवा व्हायचा होता. इकडे लेक क्षिप्राची बारावी. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. मीनाने नवऱ्याला एकच गोष्ट बजावली होती. पोरीची परीक्षा होईपर्यंत या घरातून हलायचं नाही, बाकी तुम्हाला काय हवे ते उद्योग करा.

उद्योग गुरुवारी दुपारी दीड वाजता टेम्पोतून आला. घरात कुणीच नव्हतं. टेम्पोवाल्याने सगळा माल पार्किंगमध्ये उतरवला आणि तिथेच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईंच्या ताब्यात देऊन तो निघून गेला. त्या बाई म्हणजे भागीरथीबाई. नामदेवशेठच्या आई!

नंदकिशोरराव संध्याकाळी आले तेव्हा भागीरथीबाई पोत्यांच्या मधोमध पाय पसरून बसल्या होत्या. वाचता येत नसलं तरी लेबल त्यांनी वॉचमनकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

"बाला, ह्यो केटरर्स कोन हाय?"

नंदकिशोररावांच्या डोळ्यांसमोर तुळशीची कुंडी आली. तिच्या शेजारी क्षिप्राचं अभ्यासाचं टेबल आणि टेबलावर उघडी पडलेली केमिस्ट्री. तोंडातून जे निघालं ते त्यांनी ठरवून काढलं नव्हतं.

"घरी पूजा आहे आजी. रविवारी. सत्यनारायणाची. केटररने सामान पाठवलंय."

भागीरथीबाईंनी पायाने ओट्सचं पोतं जरा ढकलून पाहिलं. ते हललं नाही.

"पूजेला सव्वा किलो रवा लागतो. ह्यो तं सव्वा मन दिसतंय."

"माणसं बरीच आहेत," नंदकिशोरराव म्हणाले, आणि पोतं पाठीवर घेऊन लिफ्टकडे जवळजवळ पळाले.

मीनाला आपल्या घरच्या पूजेची बातमी अर्ध्या तासाने लिफ्टमध्ये कळली. सातव्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, तीर्थप्रसादाला किती वाजता येऊ? मीनाने हसून पाच सांगितलं आणि घरात येऊन दार लावलं. मग ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. तिने विचारायच्या आत नंदकिशोररावांनी स्वतःहून कार्ड, गोदाम, कॅमेरे, काउंटरवरची मुलगी, सगळं कबूल केलं. त्यांना वाटलं होतं की ती म्हणेल, जा आणि खरं सांगून या.

"देवाचं नाव घेतलंत ना? मग आता पूजा होणार," मीना म्हणाली. "आणि शेठ येतील तेव्हा यातला एक दाणासुद्धा मला बाहेर दिसता कामा नये."

शुक्रवार-शनिवार माल लपवण्यात गेला. जवस पलंगाच्या पेटीत, तर नाचणी रजयांमध्ये. क्विनोआ क्षिप्राच्या टेबलाखाली गेला आणि ती पोर त्यावर पाय ठेवून केमिस्ट्रीची समीकरणं सोडवू लागली. ओट्स आणि भोपळ्याच्या बिया बाथरूमवरच्या माळ्यावर चढल्या. लेबलं काही निघेनात. ओल्या फडक्याने घासली, नखांनी खरवडली, शेवटी सगळी तोंडं भिंतीकडे करून ठेवली. शनिवारी लिफ्टमध्ये नामदेवशेठ भेटले. रविवारी येतो, एवढंच म्हणाले आणि गालात हसले. नंदकिशोररावांना त्या हसण्यात करार फाटल्याचा आवाज ऐकू आला.

रविवारी पाचला घर माणसांनी भरलं. नामदेवशेठ पांढऱ्या कडक शर्टात आले आणि बाथरूमकडे जायच्या वाटेवरच खुर्ची टाकून बसले. भागीरथीबाई पलंगावर बसल्या, म्हणजे जवसावरच. नंदकिशोरराव सोवळं नेसून पाटावर होते. गुरुजी कथा सांगू लागले. कथा नंदकिशोररावांनी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल, पण तिच्यात हा वाणी आहे हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. नावेत काय भरलंय असं विचारल्यावर तो वाणी खोटं सांगतो, पालापाचोळा आहे म्हणून. आणि मग त्याच्या नावेचं व्हायचं ते होतं.

नंदकिशोररावांच्या कपाळावरून घाम निघून थेट कलशात पडायच्या बेतात आला. माळा त्यांच्या पाठीमागे होता, तरी तो आपल्याकडे बघतोय असं त्यांना वाटत होतं. क्षिप्रा आतल्या दाराशी प्रसादाचे द्रोण घेऊन उभी होती. तिच्याकडे पाहून त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. या पोरीने आपलं काय वाईट केलंय? फेब्रुवारीच्या पेपरांचा अभ्यास हिने कुठे बसून करायचा, पार्किंगमध्ये?

आरती झाली. प्रसाद वाटला गेला. नामदेवशेठनी शिरा संपवला, द्रोण खाली ठेवला, उठले आणि सरळ बाथरूमच्या दिशेने चालू लागले.

"शेठ, वर ओट्स आहेत!" नंदकिशोरराव पाटावरूनच ओरडले.

सगळ्यांच्या माना वळल्या. पिशवीत ठेवता ठेवता गुरुजींची घंटा हातातच राहिली. नामदेवशेठ वळले आणि आपले तुपकट हात त्यांनी पुढे केले.

"मी हात धुवाया चाललो व्हतो, शेवडे."

त्यांनी आधी हात धुतले. मग माळा उघडला. पोत्याला टेकलेली भोपळ्याच्या बियांची पिशवी सुटली आणि बिया शेठच्या पांढऱ्या शर्टावरून ओघळत खाली आल्या. पोतं ओढल्यावर लेबल समोर आलं. मीनाने डोळे मिटून घेतले. पाहुणे चपला शोधू लागले, पण जाईना कुणी.

"धंदा कवापासून हाय?" शेठनी शांतपणे विचारलं.

नंदकिशोररावांनी सगळं सांगितलं. कार्ड दाखवलं, निशांतला फोन लावून दिला, देवघरातून रक्ताचा रिपोर्ट आणून शेठच्या हातात ठेवला. पलंगातला जवस, रजयांतली नाचणी, टेबलाखालचा क्विनोआ, सारं स्वतः काढून पूजेच्या चौरंगापुढे मांडलं. शेठचं तोंड बघून एवढंच कळत होतं, की वाढलेल्या साखरेवर त्यांचा विश्वास बसतोय आणि बाकी कशावरच बसत नाही.

"एवढं सगलं खानार कोन?"

"मी."

"येकटा?"

"येकटा," नंदकिशोरराव भीतीने शेठच्याच बोलीत म्हणाले. "शेठ, माझं काय करायचं ते करा. पण पोरीची बारावी आहे. परीक्षेपर्यंत तरी राहू द्या."

नामदेवशेठनी क्षिप्राकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं आणि शेवटी, घरत कुटुंबात शेवटी जिकडे पाहतात तिकडे पाहिलं. भागीरथीबाईंनी दोन दाणे ओट्स तोंडात टाकून पाहिले होते आणि ते अजून त्यांच्याच्याने गिळवले नव्हते.

"खातो म्हनतो ना?" त्या म्हणाल्या. "मंग खाव दे त्याला."

सोमवारी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन आला आणि करार झाला. कलम नऊ होतंच. त्याखाली नऊ-अ आलं. सदनिकेतील धान्य भाडेकरूने मुदतीच्या आत स्वतः खाऊन संपवावे, विकू नये, वाटू नये, टाकू नये. साक्षीदार म्हणून मीनाने इतक्या आनंदाने अंगठा दिला, की तसा तिने लग्नाच्या रजिस्टरवरही दिला नव्हता.

मग अकरा महिने ते चाललं. सकाळी मीना आणि क्षिप्रा कांदेपोहे खात आणि नंदकिशोरराव ओट्स. सणाला त्या पुरणपोळी खात आणि ते जवसाची चटणी लावून नाचणीची भाकरी. पिशवी रिकामी झाली की ती खाली नेऊन भागीरथीबाईंना उलटी करून दाखवायची. त्या आत हात घालून कोपरे चाचपत. क्षिप्रा पास झाली आणि बिल्डिंगच्या मागच्याच कॉलेजात लागली. मीनाने लगेच सांगितलं, आता चार वर्षं तरी या घरातून हलायचं नाही. साखरेचा बाण गळून पडला. नंदकिशोररावांच्या पँटी सैल झाल्या आणि लोक विचारू लागले, काय करता हो?

नोव्हेंबरात त्यांनी क्विनोआची शेवटची वाटी खाल्ली आणि रिकामी पिशवी हातात घेऊन ते ताठ मानेने पहिल्या मजल्यावर गेले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना कुणाची भीती वाटत नव्हती. नामदेवशेठनी दार उघडलं, हसून आत घेतलं, पाठीवरून हात फिरवला. टेबलावर नवा करार आणि अंगठ्याचं यंत्र तयार होतं.

"तुमची तब्येत बगून आमीबी कार्ड काढलं, शेवडे," शेठ म्हणाले आणि जरा ओशाळून त्यांनी आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. आत छतापर्यंत पोती होती. "घरात कोन हात लावत नाय. टाकून द्यायचा म्हंजे आय ओरडते. तुमच्याकडं वर पाठवतो, तुमाला सवय हाय."

नंदकिशोररावांनी करार उघडला. कलम नऊ-अ जागच्या जागी होतं. मागून भागीरथीबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. वरून, चौथ्या मजल्यावरून, पोह्यांना फोडणी पडल्याचा वास येत होता.

त्यांनी अंगठा यंत्रावर टेकवला आणि खाली मान घालून विचारलं, "यात जवस किती आहे?"