पाटणकरांची उद्याची करी

पाटणकर शनिवारी दुपारी करी करायचे आणि रविवारी दुपारी ती खायचे. मधल्या वेळात तिला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. स्वतःचाही अपवाद नव्हता. करीचं पातेलं समोर झाकून ठेवून हा गृहस्थ शनिवारी रात्री दूध-पाव खाऊन झोपायचा. विचारलं तर म्हणायचे, "आज नाही, उद्या."

बदली होऊन मी कलकत्त्याला आलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. बेहाला नावाच्या उपनगरात घोषबाबूंच्या घराचा अर्धा वरचा मजला आम्हा नवराबायकोला मिळाला. उरलेल्या अर्ध्यात पाटणकर एकटे. परमुलखात मराठी शेजारी मिळाला म्हणून माझी बायको हरखून गेली. तो आनंद पहिल्या शनिवारपर्यंत टिकला.

त्या दुपारी लोण्यावर पीठ भाजल्याचा असा खमंग वास सुटला, की बायको म्हणाली, "लाडू करताहेत." घोषबाबूही "लाड्डू?" असं विचारत वर आले. आम्ही तिघं पाटणकरांच्या दारात उभे. आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या बदामी भाजलेल्या पिठात पिवळी पूड टाकली, पाणी ओतलं आणि बटाटे सोडले. घोषबाबू आल्या पावली खाली गेले.

ही जपानी करी. युद्धाआधी पाटणकर कोबे बंदरात एका कापसाच्या पेढीवर कारकून होते. पत्नी तिकडेच वारली, एवढं कळलं होतं. त्यापुढे ते बोलत नसत आणि आम्ही विचारत नसू. आता एस्प्लनेडजवळच्या एका तागाच्या कचेरीत नोकरी करायचे. चेहरा सदा पडलेला. हसले तरी सांत्वनाला आल्यासारखे हसत.

करीच्या बाबतीत मात्र त्यांची जीभ सुटायची. पीठ अगदी मंद विस्तवावर ढवळायचं. "घाई केली की पीठ चिडतं." कांदा लाल होईपर्यंत परतायचा. गाजर, बटाटे मोठे चिरायचे. शेवटी एक सफरचंद किसून घालायचं. इथे माझी बायको तोंड फिरवून घ्यायची. फोडणी नाही, हिंग नाही, कोथिंबीर नाही आणि वर सफरचंद. पिवळी पूड विलायती डब्यातली, न्यू मार्केटातून आणलेली.

"घरात मसाल्याचा डबा असताना विकतची हळद कशाला, भावजी?" तिनं एकदा विचारलं.

"वहिनी, आपला मसाला इंग्रजांनी नेला. त्यांच्याकडून जपान्यांनी घेतला. मी फक्त परत घरी आणतोय."

उन्हाळ्यात करी नासू नये म्हणून ते पातेलं पाण्याच्या परातीत ठेवत, रात्री आणि सकाळी उकळी आणत. तान्ह्या पोराचंसुद्धा कुणी इतकं करत नाही. बायको म्हणायची, "एवढा जीव पाखडण्यापेक्षा ताजं खावं माणसानं." आमच्याकडे कालचं अन्न कुणी खात नसे. कालचं म्हणजे शिळं, आणि शिळं म्हणजे टाकायचं. तिच्या माहेरी यावर वादच नव्हता.

एका शनिवारी पाटणकरांना कचेरीनं अचानक हुगळीकाठच्या बजबज गावी पाठवलं. रात्री तिथंच राहायचं होतं. त्यांच्या खोलीत मांजर शिरायचं, म्हणून करीचं पातेलं त्यांनी आमच्या जाळीच्या कपाटात ठेवलं. "उद्या दुपारी येतो," म्हणाले आणि दारातून दोनदा मागे वळून कपाटाकडे बघून गेले.

रविवारी दुपारी आले. आंघोळ केली, भात टाकला आणि ताटली घेऊन आमच्याकडे आले. बायकोनं पातेलं पुढे केलं. त्यांनी झाकण काढलं. आत बेदाणे घातलेला शिरा होता.

"ती कालची होती ना," बायको म्हणाली. "टाकून दिली. पातेलं घासून ठेवलं. रिकामं कसं द्यायचं, म्हणून ताजा शिरा केला."

पाटणकर उंबऱ्यावरच बसले. ताटली मांडीवर.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "आपल्यात टाकतातच. मीही टाकायला हवी होती."

"कधी?" मी विचारलं.

"कुसुम गेली तेव्हा. कोबेतल्या घरमालकिणीकडून ती ही करी शिकली होती. खोकत खोकत पीठ ढवळायची. त्या दिवशी मी कचेरीतून आलो, भूक लागली होती, म्हटलं वाढ. तर म्हणाली, आज नाही, उद्या. उद्या जास्त चांगली लागते." त्यांनी ताटली खाली ठेवली. "रात्री दवाखान्यात नेली. पहाटे संपलं. सगळं उरकून घरी आलो तर पातेलं तसंच झाकलेलं. सुतकात घरातलं शिजलेलं टाकायचं, हे मला ठाऊक होतं. पातेलं उचलून मोरीपर्यंत गेलोसुद्धा. आणि तिथंच उभ्यानं खाल्ली. सगळी."

बायकोनं पदर तोंडाला लावला.

"चांगली लागली हो, वहिनी. खरंच चांगली लागली. बायको जाऊन दिवस उलटला नव्हता आणि मी पातेलं पुसून खाल्लं. त्याची अजून लाज वाटते." मग म्हणाले, "ती चव मात्र पुन्हा आली नाही. दर रविवारी वाटतं, आज येईल."

त्यांनी सगळा शिरा खाल्ला, वेलदोड्याचं कौतुक केलं आणि पातेलं घेऊन गेले.

पुढच्या रविवारी बायको भाताचं पातेलं उचलून त्यांच्या खोलीत गेली. मीही मागोमाग गेलो. तिनं तीन ताटं मांडली. लग्न झाल्यापासून तिला कालच्या कढीचा थेंब जिभेवर ठेवताना मी पाहिलं नव्हतं. तिनं डोळे मिटून पहिला घास घेतला आणि गिळला.

"कशी आहे?" पाटणकरांनी विचारलं.

"चांगली आहे, भावजी."

त्यांनी एक घास खाल्ला, हळूहळू चावला आणि मान हलवली.

"नाही हो. ही ती नाही," ते म्हणाले आणि तिच्या पानात आणखी एक डाव वाढला.