सासूबाईंची धार

ब्रशांचा पसारा एकदाचा आवरून झाला तेव्हा सुनेने खुर्ची मागे सरकवली आणि स्वतःच्याच स्क्रीनकडे कौतुकाने पाहिलं. घरातलं कुठलंच कपाट तिने इतकं नेटकं लावलं नव्हतं.

एका स्टुडिओकरता मुलांच्या पुस्तकांसाठी ती कॉम्प्युटरवर चित्रं काढत असे. तिथे ब्रश रंगात बुडवायचा नसतो. हव्या त्या फटकाऱ्याचा ब्रश स्क्रीनवर निवडायचा आणि टॅबलेटवर पेन फिरवायचं. असे ब्रश ती वर्षानुवर्षं गोळा करत आली होती. कुठे फुकट दिसला, की घे उतरवून. बघता बघता चार हजारांवर गेले, आणि नावं तरी कशी? ‘राउंड कॉपी’, ‘राउंड कॉपी नवा’, ‘राउंड कॉपी नवा खरा’. ढगासाठी ब्रश शोधायला बसावं, तर ब्रश सापडेपर्यंत ढग काढायची हौसच विरून जाई.

शेवटी स्टुडिओच्या मॅडमनीच गळ घातली. “तुमचा खजिना सगळ्यांना वापरता येईल असा लावून द्या. मोठं पुस्तक हातात आलंय, सगळे मिळून करणार आहोत. मुख्य चित्रकार कोण, ते अजून ठरवलेलं नाही हं.”

शेवटचं वाक्य ऐकून सून कंबर कसून बसली. झाडं, पाणी, केस, कापड असे कप्पे केले. एकसारखी जुळी भावंडं उडवली. गाडी अडली ती नावांपाशी. ब्रशचा स्वभाव एका शब्दात सांगायचा कसा? एक बारीक, टोकदार, जराही न थरथरणारी रेघ ओढून झाल्यावर तिला हसू फुटलं आणि तिने नाव लिहिलं, ‘सासूबाई’. मग काय, बांधच फुटला. एकदा टेकला की पसरतच जाणारा ब्रश ‘आत्या’ झाला. सुरुवातीला जोरात, पुढे कोरडा पडणारा ‘मामा’. शेजारचा रंग उचलून आपल्यात मिसळणारा ‘नणंद’. पाठवण्याआधी ही नावं बदलायची, असं तिने स्वतःला बजावलंही होतं. पण काम इतकं देखणं झालं होतं, की कधी एकदा मॅडमना दाखवते असं तिला झालं. तिने तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती भांडी घासत असताना फोन वाजला. हात साबणाचे. सासूबाईंनी फोन उचलून स्पीकरवर टाकला आणि तिच्यासमोर धरला. स्टुडिओत रंगकाम करणारा मुलगा बोलत होता.

“ताई, सासूबाई फारच टोचतात हो! जरा मऊ कशा करायच्या?”

सुनेच्या हातातलं पातेलं सुटलं.

“लहान ठेवल्या तर बऱ्या वागतात. पण जरा मोठ्या केल्या की सगळं ठप्प! आणि ताई, मघाशी माझ्या हातून सासूबाई उडाल्या. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल तर पाठवता का?”

“प्रत नाही,” सासूबाई फोनमध्ये म्हणाल्या. “एकच आहे. आणि ती अजून उडालेली नाही.”

त्यांनी फोन बंद केला. सुनेने घाईने नळ बंद केला.

“आई, तो ब्रश आहे. ब्रशचं नाव आहे ते.”

“माझं नाव ब्रशला? टोचणाऱ्या?”

सासूबाई खोलीत गेल्या आणि दार लोटून त्यांनी लेकीला फोन लावला. सुनेने साबणाच्या हातांनीच मॅडमना फोन केला. “मॅडम, चूक झाली, नावं आत्ताच्या आत्ता बदलते.”

“खबरदार!” मॅडम म्हणाल्या. “आज पहिल्यांदा सगळ्यांना हवा तो ब्रश झटकन सापडतोय. आत्याने सगळं आभाळ भरलं, मामाने वाळकं गवत काय सुरेख केलंय! मुख्य चित्रकार तुम्हीच. नावांना हात लावाल तर बघा.”

एरवी ही बातमी ऐकून ती नाचली असती. आज तिचं सगळं लक्ष सासूबाईंच्या लोटलेल्या दाराकडे होतं.

संध्याकाळी नणंद तडक येऊन थडकली. पाठोपाठ नवरा ऑफिसातून आला, सगळं ऐकलं आणि पोट धरून हसायला लागला. सासूबाई मात्र कॉम्प्युटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. “दाखव. सगळ्यांसमोर दाखव.”

सुनेने आधी ‘आत्या’ टेकवली. रंग क्षणात अर्ध्या पानावर पसरला.

“अगं बाई! अगदी तश्शीच!” सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. आत्या म्हणजे त्यांची स्वतःची नणंद.

“आणि मी काय करते, वहिनी?” नणंदेने विचारलं.

“तुम्ही… दुसऱ्याचा रंग उचलता.”

“उचलते?”

“म्हणजे, सगळ्यांत मिसळून जाता.”

“हं. ते आहे माझ्यात,” म्हणत नणंद बसली.

आता सासूबाईंनी पेन स्वतःच्या हातात घेतलं. आयुष्यभर कापडावर खडूने बेतलेलं, कात्री चालवलेली. त्यांनी पेन टेकवलं आणि एका दमात वरून खाली रेघ ओढली. कुठे वाकली नाही, कुठे तुटली नाही.

“घराच्या भिंती, चेहऱ्याची कड, सगळं मी यानेच काढते, आई,” सून हळूच म्हणाली. “बाकीचे नुसते रंग भरतात. हा नसेल तर चित्र उभंच राहत नाही.”

सासूबाईंनी स्क्रीनवरच्या त्या रेघेवरून एकदा बोट फिरवलं. मग ताठ होत म्हणाल्या, “त्या पोराला सांग, मऊबिऊ काही करायचं नाही. हात स्थिर ठेव म्हणावं.”

“आणि मी?” नवरा डोळे पुसत पुढे आला. “मी कुठे आहे?”

सुनेने घाईने स्क्रीन बंद करायला हात पुढे केला, पण नणंद चपळ. तिने सगळ्यात खालचा कप्पा उघडला आणि कप्प्याचं नाव मोठ्याने वाचलं, “‘लागत नाही, पण टाकवत नाही’. दादा, यात तू एकटाच आहेस!”

नवऱ्याचं हसू थांबलं. त्याने ते नाव पुन्हा एकदा मनात वाचलं आणि त्याची छाती फुगली.

“बघा! निम्मे ब्रश उडवले हिने. मला हात लावायची हिंमत झाली नाही!”

सासूबाईंनी पेन सुनेच्या हातात परत दिलं. “आम्हालाही नाही झाली,” त्या म्हणाल्या.