कल्पेबल कोण?

आमच्या चाळीत दूध उतू गेलं, तर बायका आधी दार लोटतात आणि मग गॅस बंद करतात. बापू परबांना वास लागला की चौकशी बसलीच म्हणून समजा.

बापू माझगावच्या गोदीत चौकशी खात्यात टायपिस्ट होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांचे दोष टाइप केले आणि निवृत्त होताना एक शब्द घरी आणला, 'कल्पेबल'.

"गिल्टी नव्हे हं! ते कोर्ट ठरवतं. कल्पेबल म्हणजे दोष देण्याजोगा. मूळ लॅटिन. कुल्पा म्हणजे दोष. रोमन लोकांत..." इथवर ऐकून माणसं सटकतात. मी पडलो शेजारी, सटकणार कुठे?

सत्यनारायणाचा शिरा करपला, तेव्हा बापूंनी तिघांचे जबाब घेऊन भटजींना कल्पेबल ठरवलं. कथा लांबवली म्हणून! भटजी अजून आमच्या मजल्यावर चढत नाहीत.

यंदा नेमक्या गौरीच्या दिवशी गच्चीवरची टाकी कोरडी निघाली. पाणी पहाटे तासभरच येतं आणि टाकीचा कॉक पाळीपाळीने एकेका खोलीने उघडायचा असतो. त्या दिवशी पाळी परबांची होती. गॅलरीत बायका कळश्या घेऊन भडकलेल्या. चौकशी करणाऱ्याच्याच दारात चौकशी, म्हणून मी मजा बघायला पुढे सरसावलो.

"कल्पेबल मी," बापू म्हणाले.

"पण तुमच्या पाळीला कॉक तर परबकाकू उघडतात ना?" मी विचारलं.

"आज मी जातंय म्हटलंय, आणि माझो डोळो लागलो." एरवी चौकशीत बापू मालवणीवर कधी येत नसत. बायका पुटपुटत पांगल्या. काकू आत गौरीपुढे फुलं मांडत होत्या, शांतपणे.

बापू खोटं बोलत होते. पहाटे काकू मला जिन्यात भेटल्या होत्या, आणि गच्ची कुठल्या बाजूला, असं त्यांनी मला विचारलं होतं. मला थट्टाच वाटली. हसून वर बोट दाखवलं आणि मी दूध आणायला गेलो.

सगळे गेल्यावर मी हळूच म्हटलं, "बापू, खोटा जबाब?"

बापूंनी दार ओढून घेतलं. "तिला बोलू नकोस रे. हल्ली विसरते ती. पण चाळीस वर्षं पाळी तिनेच सांभाळलीय. तेवढी तिच्याकडे राहू दे."

मला जन्मात पहिल्यांदा त्या लॅटिनचा उरलेला भाग ऐकावासा वाटला.

हल्ली परबांच्या पाळीला पहाटे जिन्यात काकूंच्या चपला वाजतात. चार पायऱ्या मागे बापू असतात, अनवाणी.