जैसे थे रस्ता, म्हशीसह

आमच्या गावाचा रस्ता फाट्यावर उमरीच्या मोठ्या रस्त्याला मिळतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो निम्म्यातच दम तोडतो आणि तिथून पुढे खड्डेच एकमेकांना धरून फाट्यापर्यंत जातात. म्हणून सकाळची बस बंद झाली. मी आणि माझी मैत्रीण प्रियदर्शनी दहावीला, शाळा उमरीला. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निकाल दिला, "दिवाळीपस्तोर बस आली तर शाळा. न्हाई तर घरी बसून परीक्षा दे."

घरी बसणाऱ्यातली मी नाही! मी रस्त्याचा व्हिडिओ काढला. सगळ्यांत मोठ्या खड्ड्यात शेजारच्या केवळाबाईंची म्हैस गळ्यापर्यंत बसलेली, बाभळीवर बगळे, मागे पिवळं पडत चाललेलं सोयाबीन. खाली टोमणा लिहून तो नेटवर टाकला : 'स्वर्गाचा रस्ता. एकदा याच, साहेब!'

साहेब लोकांना टोमणा कळतो, असं मी धरून चालले, एवढीच माझी चूक.

पुढच्याच रविवारी नांदेड-लातूरहून मोठाल्या मोटारसायकलींचा तांडा आला. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, डोक्यावर कॅमेरे. पुढचे गृहस्थ खड्ड्यात आडवे झाले, चिखलातून उठले आणि म्हणाले, "अप्रतिम!" हेल्मेट निघालं, तर आमच्याच भागातल्या रस्त्यांचे अभियंता, संगमेश साहेब! गावानं अर्जांवर अर्ज करून जे आले नव्हते, ते स्वतःचं पेट्रोल जाळून आले होते.

सरपंच रामकिशनकाका धावले. "साहेब, लई उपकार झाले. डांबर कधी पडंल?"

"डांबर?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, रस्ता असा व्हायला वर्षानुवर्षं लागतात!"

"हाव, तेच तर बघून राहिलो," केवळाबाई म्हणाल्या.

आठवड्यात आदेश आला. सदर रस्ता 'निसर्गरम्य मोटारसायकल मार्ग' घोषित करण्यात येत असून तो जैसे थे ठेवावा. खड्डे बुजवल्यास कारवाई होईल. चिखल वाळल्यास टँकर मागवावा. म्हशीनं दर रविवारी सकाळी जागेवर उपस्थित राहावं.

प्यायच्या पाण्याचा टँकर मागून आमची बोटं झिजली होती. चिखलाचा न मागता मंजूर झाला.

मी साहेबांना गाठलं. "सर, आमची बस?"

"बाळ, मध्ये बस आली की फोटो बिघडतो. तू हुशार आहेस. तुला या मार्गाची सदिच्छादूत करू या."

"सदिच्छादूत शाळेत कशी जाणार?"

"निसर्गाच्या सान्निध्यात!"

घरी आले तर दादांनी फाट्यावर भज्यांची टपरी टाकायचं ठरवलेलं. "बस कशाला पाह्यजे आता? रस्ता सुधरला तर हे गिऱ्हाईक थांबंल व्हय?"

"दादा, आन् माझी शाळा?"

"तू भजी लई झ्याक तळतीस गं."

दिवाळी झाली. बस आली नाही. मी झारा दादांच्या हातात दिला, दप्तर उचललं आणि प्रियदर्शनीबरोबर पायी निघाले. वाटेत दुसरा व्हिडिओ काढला : आम्ही दोघी, गुडघाभर चिखल, 'आम्हाला बस पाहिजे.' पहिल्या व्हिडिओला लाखभर बदाम पडले होते. याला दोन : एक माझा, एक प्रियदर्शनीचा. खाली एकानं विचारलं होतं, "म्हैस कुठाय?"

आम्ही अजून रोज जातो, वर्गात चिखलाचे ठसे उमटवत, एकदम थाटात!

तुम्ही हसत हसत इथवर वाचलंत, छान वाटलं. आता खरं सांगा, मनात पहिल्यांदा काय आलं? पोरींची बस कधी सुरू होणार, की हा फाटा नेमका लागतो कुठं?