ढोणे सरांचा भांडणाचा तास

"युवर कॉफी इज थर्ड क्लास!"

इथिओपियाहून आमच्या विद्यापीठात बियाण्यांचा अभ्यास करायला आलेल्या हिवोतला तिच्या इंग्रजीच्या शिक्षकांनी पहिल्याच तासाला हे ऐकवलं. परदेशी विद्यार्थ्यांची सगळी जबाबदारी माझ्यावर. मी दारातच होतो. हातातला चहा शर्टावर सांडला. तिच्या घरी कॉफीचा मळा आहे, हे ढोणे सरांना मीच सांगितलं होतं!

मी त्यांना व्हरांड्यात गाठलं. "सर, पाहुणी आहे ती! तिनं तक्रार केली तर?"

"करू द्या की. इंग्रजीतच करल ना?" सर शांतपणे म्हणाले. "भांडल्याबिगर भाषा येत न्हाई. बिलकुल न्हाई."

जालन्यात उभी हयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. परदेशी पोरांना इंग्रजीची मदत व्हावी म्हणून मीच त्यांना हौसेनं बोलावलं. तासाला येताना पुस्तक नाही, खडू नाही, फक्त नवं भांडण. सुमन नावाच्या नेपाळी पोराला म्हणाले, तुमचे डोंगर उगीच उंच आहेत, काही उपयोगाचे नाहीत. तो असा उसळला, की थोड्याच दिवसांत फाडफाड बोलायला लागला. मी थक्क झालो.

हिवोत मात्र प्रत्येक अपमानावर खाली मान घालून "येस सर" एवढंच म्हणायची. महिनाअखेर तिला परीक्षकांसमोर इंग्रजीत सेमिनार द्यायचा होता. तो जमला नाही तर सत्र वाया, आणि पोरगी हात हलवत मायदेशी परत.

"हिला राग कामून येत न्हाई?" सरांची झोप उडाली होती. "चला, स्टँडवर जाऊ."

स्टँडवर मंठ्याची गाडी लागली होती. सरांनी हिवोतला तिचा रुमाल खिडकीतून सीटवर टाकायला लावला. आमच्याकडे ज्याचा रुमाल त्याची जागा, त्यात कोणी खोट काढत नाही. ती गर्दीतून वाट काढत आत पोचेपर्यंत सर पुढे घुसले, तिचा रुमाल उचलून खिशात घातला आणि ऐसपैस बसले. दुसऱ्याचा रुमाल! शिक्षकानं! मला दरदरून घाम फुटला.

"येस सर," हिवोत म्हणाली आणि दांडी धरून उभी राहिली.

कंडक्टरनं मात्र सगळं पाहिलं होतं. "ओ मास्तर, पाहुण्या पोरीची जागा लाटून राह्यले? म्हातारपणी लाज सोडली का? उठा जल्दी!" गाडीतली माणसंही बोलू लागली. सर गुपचूप उठले. उठताना गुडघा लचकला, तोल गेला.

"नो! डोन्ट शाउट! ही इज माय टीचर!"

मी चमकून पाहिलं. हिवोत कंडक्टरच्या पुढ्यात उभी होती, आणि मग ती थांबेचना. सरांचे गुडघे दुखतात, जागा मीच दिली, तुम्हाला मोठ्या माणसाशी बोलायची रीत नाही, आणि आमची कॉफी फर्स्ट क्लास आहे! सगळं इंग्रजीत, एका दमात. जागा दिल्याचं तर चक्क खोटं.

"मॅडम, मी तुमच्याच बाजूनं बोलून राह्यलो ना," कंडक्टर गयावया करत म्हणाला.

सरांचं अभिनंदन करायला वळलो, तर सर गाडीत नाहीत. खाली उतरून पाहिलं. गाडीमागे भिंतीकडे तोंड करून ते हिवोतच्या रुमालानं डोळे पुसत होते.

"सर, जिंकलात की! सेमिनारची काळजी मिटली."

"तसं न्हाई हो." ते भिंतीकडेच बघत म्हणाले. "तिनं माझ्याशी भांडावं म्हणून आल्तो. ही तर माझ्यासाठी भांडली. आमची मंडळी वारली तवापासून माझ्या बाजूनं कोणी भांडलंच न्हाई."

तेवढ्यात खिडकीतून हिवोत डाफरली. तिनं सीट हातानं अडवून धरली होती. "सर! युवर सीट! कम फास्ट!"

सरांनी ओला रुमाल नीट घडी करून खिशात ठेवला.

"येस मॅडम," ते म्हणाले आणि लंगडत गाडीकडे निघाले.