सोबत कागदपत्रं जोडली आहेत

"आजपासून या घरात व्हायरस नाही, हँग नाही, अपडेटची कटकट नाही!" रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेऊन सुजय नागवेकरने जाहीर केलं. आवाज असा, की जणू अख्खं नाचणे गाव त्या क्षणी स्वतंत्र झालं होतं!

"म्हणजे नेमकं काय केलंत?" त्याच्या बायकोने, मनस्वीने, विचारलं.

"कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स बसवलं! फुकट! जगातली मोठमोठी शास्त्रज्ञ मंडळी वापरतात."

"ती मंडळी खिचडीही करून खातात. पोहे संपवा आधी."

घरातला कॉम्प्युटर म्हातारा झाला होता हे मात्र खरं. तो सुरू करून माणूस अंघोळीला गेला, अंघोळ उरकून देवपूजा करून परत आला, तरी तो बिचारा अजून नमस्कारच करत असायचा. सुजयने शनिवारभर खपून त्याच्यावर लिनक्स चढवलं आणि म्हातारा एकदम पोरासारखा उड्या मारायला लागला. तेव्हापासून सुजयची छाती गॅसवर ठेवलेल्या पापडासारखी फुगली होती.

पाटबंधारे खात्यात तो कारकून होता. पण ते पोटासाठी! जीव सगळा भाट्याच्या हौशी नाट्यमंडळात. तिथे तो कार्यवाह होता आणि प्रॉम्प्टर होता. रंगमंचावर उभं राहायची त्याला फार हौस, पण दिग्दर्शक भागोजीअण्णांनी त्याला एकदाच तालमीला उभं केलं आणि निकाल देऊन टाकला. "सुजय, मेल्या, तुझं तोंड म्हणजे जांभ्याचा चिरा! रड म्हटलं तरी तेच, हस म्हटलं तरी तेच. तू आपला विंगेत बस." तेव्हापासून तो विंगेत बसत होता आणि सगळ्यांची वाक्यं त्याला पाठ होती.

या वर्षी मंडळाचं नशीब उघडायची वेळ आली होती. घाटावरच्या एका मोठ्या नाट्यमहोत्सवाने प्रवेशिका मागवल्या होत्या. मंडळाचं 'फणस कुणाचा?' हे नाटक रत्नागिरीत गाजलेलं, पण घाट चढून पलीकडे कधी गेलं नव्हतं. कागदपत्रं तेवढी पाठवायची होती: मंडळाचं नोंदणी प्रमाणपत्र, नाटकाचं परिनिरीक्षण (म्हणजे सेन्सॉरचं) प्रमाणपत्र, कलाकारांची संमतिपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. सगळं नीट स्कॅन करून, एकाच फाईलमध्ये, रविवारी संध्याकाळच्या आत. खाली ठळक अक्षरात सूचना होती, 'मोबाईलवर काढलेले फोटो स्वीकारले जाणार नाहीत.'

"साळवी स्टॉपला दुकानात जा नि स्कॅन करून घे," भागोजीअण्णांनी फोनवर सांगितलं.

"दुकानात? अण्णा, मंडळाला मुंबईकरांनी दिलेला स्कॅनर माझ्याकडे पडून आहे. पाच मिनिटांचं काम!"

सुजयने स्कॅनरची वायर कॉम्प्युटरला जोडली. स्कॅनरचा दिवा लागला. सुजयच्या चेहऱ्यावरही दिवा लागला. मग कॉम्प्युटरने थंडपणे सांगितलं, 'एकही स्कॅनर सापडला नाही.'

"अरे, समोर ठेवलाय! डोळे फुटले का तुझे?"

वायर काढली, परत जोडली. दुसऱ्या भोकात जोडली. स्कॅनर पुसला. टेबल हलवलं. कॉम्प्युटर आपल्या म्हणण्यावर ठाम! शेवटी सुजयने इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका चर्चागटात आपलं गाऱ्हाणं मांडलं. तिथल्या एका परोपकारी माणसाने लगेच विचारलं, 'ड्रायव्हर आहे का?' म्हणजे स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम.

त्याच वेळी अण्णांचा फोन आला. "झालं काय रे?"

"होईल, अण्णा. ड्रायव्हर मिळत नाहीये. तो मिळाला की झालंच!"

"मग आधी नाय सांगायचंस? थांब!" अण्णांनी फोन ठेवला.

सुजयने शोधून शोधून ड्रायव्हर उतरवून घेतला, तोवर बाहेर जोरात हॉर्न वाजला. दारात टेम्पो! टेम्पोत जमाल! मंडळाचं नेपथ्य गावोगाव नेणारा, राजिवड्याचा.

"सुजयभाय, अण्णांनी धाडलंय. ड्रायव्हर पाहिजे म्हणाले. काय न्यायचंय?"

सुजयने कपाळावर हात मारला. मग टेबलावरच्या स्कॅनरकडे बोट दाखवून त्याने सगळी हकीकत सांगितली. जमालने ती शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे न्यायचं काय नाय?"

"नाही रे."

"मग चहा घेतो," म्हणून जमाल खुर्ची ओढून बसला. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत तमाशा फुकट होता. कोण उठतंय!

आता कॉम्प्युटरची भाषा बदलली. तो म्हणाला, 'परवानगी नाही.'

"परवानगी नाही?" मनस्वी स्वयंपाकघरातून नारळाची वाटी हातात घेऊनच बाहेर आली. "घर आपलं, कॉम्प्युटर आपला, वीजबिल आपलं! आणि परवानगी कुणाची हवी?"

"तसं नसतं गं. लिनक्समध्ये शिस्त असते. मी स्कॅनरच्या ग्रुपमध्ये नाही, म्हणून तो मला जुमानत नाही."

हे वाक्य तो बोलला तेव्हा दुर्दैवाने अण्णांचा पुढचा फोन चालू होता. अण्णा फक्त एवढंच म्हणाले, "ग्रुपच पाहिजे ना? करतो." दोन मिनिटांत सुजयच्या मोबाईलवर 'स्कॅनर' नावाचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप उगवला. त्यात अख्खं नाट्यमंडळ! सासूच्या भूमिका करणाऱ्या चिमामावशीने लगोलग गुलाबाची फुलं पाठवली. कुणीतरी 'अभिनंदन' लिहिलं. लगेच बाकीच्यांनीही अभिनंदन केलं. कशाबद्दल ते कुणीच विचारलं नाही.

इकडे सुजयने चर्चागटातल्या माणसाच्या सांगण्याप्रमाणे स्वतःला कॉम्प्युटरमधल्या दिसेल त्या ग्रुपमध्ये घालून घेतलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि काय सांगू! कॉम्प्युटर चक्क म्हणाला, 'यंत्र सापडलं.'

"सापडलं!" सुजय एवढ्या जोराने ओरडला की जमालच्या बशीतला चहा शर्टावर आला.

परोपकारी माणसाने एक लांबलचक कमांड पाठवली होती. ती दिली की कॉम्प्युटर म्हणणार, कागद ठेवा आणि एंटर दाबा. ठेवला, दाबलं. पुढचा ठेवा, दाबा. शेवटी सगळ्याची एक फाईल तयार. चित्रबित्र काही दिसत नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. "खरा लिनक्सवाला असाच काम करतो," सुजय जमालला म्हणाला.

काम सुरू झालं. जमाल स्कॅनरचं झाकण उघडून कागद ठेवायचा, सुजय एंटर दाबायचा. आत मिक्सरवर नारळाचं वाटप फिरत होतं, त्यामुळे स्कॅनरचा आवाज येतोय की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या कागदाला सुजयने मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्याला मनस्वीने मिरच्यांची फोडणी दिली, तिचा ठसका घरभर गेला आणि सुजयच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिसऱ्याला त्याने मान वर करून "अगं, तो मिक्सर बंद कर!" म्हणून डरकाळी फोडली. चौथ्याला जमालने कागद उलटा ठेवला म्हणून त्याच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. पुढे एक शिंक आली, एक जांभई आली, आणि शेवटच्या कागदाला त्याने डोळे मिटून, हात जोडून गणपतीचं नाव घेतलं.

फाईल तयार! संध्याकाळ व्हायला आली होती. उघडून बघत बसायला वेळ कुणाला? सुजयने मेल लिहिला, 'महोदय, सोबत सर्व कागदपत्रं जोडली आहेत. सर्व प्रती सुस्पष्ट असल्याची खात्री केली आहे.' धाडून दिला. आणि विजयाच्या भरात तीच फाईल 'स्कॅनर' ग्रुपवरही टाकली. 'हे बघा! लिनक्सची कमाल!'

ग्रुप एकदम गप्प झाला. फुलं पाठवणारी चिमामावशीसुद्धा!

मग तिचा निरोप आला. 'सुजय, बाळा, बरं वाटत नाहीये का?'

पाठोपाठ दुसऱ्या कुणाचा, 'हे कुठल्या नाटकातलं?'

मग फोन वाजला. अण्णा!

"मेल्या, नोंदणी प्रमाणपत्र कुठाय? पहिल्या पानावर तू बनियनवर बसलायस! दुसऱ्या पानावर रडतोयस! कोण मेलं?"

मनस्वीने मोबाईल ओढून घेतला, फाईल उघडली आणि पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. पानापानावर सुजय! मिशीवरून हात फिरवणारा सुजय, डरकाळी फोडणारा सुजय, शिंकेच्या ऐन तोंडावर नाक आकाशाकडे केलेला सुजय. एका पानाच्या कोपऱ्यात कपबशी घेतलेला जमालही होता.

"आपला फोटो बरा आलाय," जमाल म्हणाला.

"अहो, हे सगळे वरून आलेत!" हसू आवरत मनस्वीने स्क्रीनच्या डोक्यावर बोट दाखवलं. तिथे तिच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलायला घेतलेला कॅमेरा चिकटवलेला होता. त्याचा बारीक हिरवा दिवा अजून चालू होता!

सुजयने यंत्रांची यादी मागवली. लिनक्सच्या हिशेबी जो चित्र काढून देतो तो स्कॅनर. यादीत पहिला कॅमेरा आणि त्याच्याखाली निमूटपणे खरा स्कॅनर. पहिला दिसला त्यालाच लिनक्सने कामाला लावलं होतं. त्याची काय चूक?

सुजयने डोकं धरलं. अण्णांनी फोनवर केवढा दम दिला, ते इथे लिहिण्याजोगं नाही. घाट चढायची एक संधी आली होती आणि मंडळाच्या प्रवेशिकेत बनियन गेला होता! रविवार असल्याने साळवी स्टॉपचं दुकानही एव्हाना बंद झालेलं. त्याला खरोखरच रडू यायला लागलं, आणि या खेपेला फोडणीचा संबंध नव्हता.

"असे बसू नका," मनस्वी म्हणाली. "संध्याकाळ अजून संपलेली नाही." तिने उठून कॅमेऱ्याची वायर उपटून काढली. मिक्सर बंद केला. खिडकी लावली. "जमालभाऊ, पहिला कागद ठेवा. अहो, दाबा एंटर!"

सुजयने एंटर दाबलं. क्षणभर काही नाही. मग स्कॅनरच्या पोटातून घर्रर्र असा आवाज आला आणि झाकणाच्या फटीतून पांढरा उजेड सरकत गेला. तिघंही श्वास रोखून तो उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना बघत होती. मनस्वीने फाईल उघडली. नोंदणी प्रमाणपत्र! शिक्का, सही, सगळं लख्ख!

"सापडला रे तुझा खरा ड्रायव्हर!" जमालने मनस्वीकडे बघत सुजयच्या पाठीत धपाटा घातला.

या वेळी प्रत्येक पान तिघांनी पाहिलं, मगच पुढचं ठेवलं. अंधार पडायच्या आत दुसरा मेल गेला. सुजयने लिहिलं, 'आधीची फाईल कृपया उघडू नये.'

आता, असं लिहिल्यावर कोण उघडणार नाही?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा फोन वाजला. महोत्सवाचे संयोजक शुभंकर बोलत होते. "नागवेकर, तुमच्या दोन्ही फायली पाहिल्या."

सुजय खुर्चीतून उठून उभा राहिला. "साहेब, ती पहिली..."

"दुसरी व्यवस्थित आहे. तुमचं नाटक आम्ही घेतोय. आता पहिलीबद्दल! आमची समिती वाद घालून घालून कंटाळली होती हो. ती फाईल उघडली आणि सगळे पोट धरून हसत सुटले. काय चेहरा आहे तुमचा! किती भाव! हे फोटो आम्ही महोत्सवात लावले तर तुमची हरकत नाही ना?"

हरकत! सुजयने आनंदाने ऑफिसभर पेढे वाटले. संध्याकाळी भाट्याला जाऊन त्याने अण्णांना सगळं शब्दशः सांगितलं. अण्णांनी समुद्राकडे तोंड फिरवलं. मग म्हणाले, "माझं चुकलं असेल रे. पुढच्या नाटकात बघू तुझं काहीतरी." सुजयला आभाळ ठेंगणं झालं.

महोत्सवाच्या दिवशी जमालचा टेम्पो घाट चढला, तेव्हा मागे फणसाच्या झाडाचं नेपथ्य होतं आणि पुढे मनस्वी आणि नवा शर्ट घातलेला सुजय. थिएटरच्या दारातच त्याला स्वतःचा माणूसभर उंचीचा चेहरा दिसला. डरकाळी फोडणारा! खाली लिहिलं होतं, 'प्रयोग चालू असताना मोबाईल वाजल्यास...'

"ह्यॅ!" सुजय म्हणाला. पण मनस्वीच्या हातात मोबाईल देऊन त्याने तिथे उभं राहून स्वतःचा फोटो काढून घेतलाच. तिकीटखिडकीवर तो घळाघळा रडत होता, 'आजची तिकिटे संपली आहेत.' चहाच्या टपरीवर मिशीवरून हात फिरवत होता. "अगं, सगळीकडे मीच आहे!" त्याला काय करू आणि काय नको असं झालं.

प्रयोग रंगला. फणसाच्या भांडणाला घाटावरची माणसं कोकणातल्यांपेक्षा जास्त हसली. मध्यंतरात सुजय विंगेतून पाय मोकळे करायला बाहेर आला, तर एक सद्गृहस्थ त्याच्याकडे टक लावून बघायला लागले.

"माफ करा हं, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. नक्की पाहिलंय! तुमचा तो हात जोडलेला फोटो... डोळे मिटलेले, काय शांत भाव!"

"हो हो, मीच तो!" सुजय संकोचून म्हणाला. "कुठे पाहिलात? मोठा लावलाय का?"

"मोठा? अख्ख्या दारावर आहे! 'कृपया स्वच्छता राखा.' आत्ता तिथूनच येतोय," असं म्हणून गृहस्थांनी आपला ओला हात प्रेमाने पुढे केला.

सुजयने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि हलवला. पहिला चाहता होता हो त्याचा!